गाडीतली एक सीट रिकामी ठेव

प्रिय पोरी,

तुझा मेसेज रात्री पावणेबाराला आला, सोबत एक्सेल शीट. दिवाळीच्या सुट्टीत पक्षी बघायला बारा दिवस नामिबिया, आठ माणसं, दोन फोर बाय फोर गाड्या, राजधानी विंडहुकला सुरुवात आणि विंडहुकलाच शेवट. तिकिटं, छतावरचे तंबू, डिझेल, वाटेतलं खाणं, सगळं नीट मांडलं आहेस. 'लोकल गाइड' ही एकच ओळ लाल करून खोडलीस आणि खाली लिहिलंस, 'काका, ईबर्डवर पक्षी दिसलेल्या जागांचे सगळे पिन आहेत, आवाज ओळखायला मर्लिन अ‍ॅप आहे, विंडहुकचा ड्रायव्हर-गाइड बारा दिवस सोबत आहेच. मग प्रत्येक ठिकाणी वेगळा माणूस कशाला? की घ्यायलाच हवा?'

त्या शेवटच्या 'की'साठी हे पत्र. खोडायचं पक्कं ठरलं असतं तर तू मध्यरात्री विचारलं नसतंस.

घ्यायलाच हवा. जागेवरचा माणूस घ्यायलाच हवा.

तुला भिगवणची पहिली फेरी आठवते? तू नववीत होतीस. मी आपला दुर्बिणीतून रोहित (फ्लेमिंगो) मोजत होतो, आणि नावाड्याने बांबू चिखलात रोवून बोट थांबवली. म्हणाला, 'आता कुणी हलू नका, ते चरत चरत आपल्याकडेच येतील.' वीस मिनिटांनी ते इतके जवळ आले की चोचीतून गाळल्या जाणाऱ्या पाण्याचा आवाज ऐकू यायला लागला. त्या माणसाला ईबर्ड ठाऊक नव्हतं. उजनीचं पाणी दोन फूट उतरलं की पक्षी कुठे सरकतात, हे ठाऊक होतं. पिन म्हणजे काल कुणाला तरी पक्षी कुठे दिसला. उद्या सकाळी वारा कुठून असेल आणि पक्षी कुठे असेल, ते पिन सांगत नाही.

आणि विंडहुकचा माणूस जागेवरचा नव्हे, हे आधी डोक्यात घे. सव्वाआठ लाख चौरस किलोमीटरचा देश, महाराष्ट्राच्या अडीचपटीहून मोठा, आणि माणसं साऱ्या देशात मिळून तीस लाखांच्या आसपास. विंडहुकपासून किनाऱ्यावरचं वॉल्विस बे चारशे किलोमीटर. तुझा ड्रायव्हर उत्तम असेल, खडीच्या रस्त्यावर टायरमधली हवा किती ठेवायची हे त्याला कळत असेल, आणि त्याची तुला गरजही आहे. पण कुइसेब नदीच्या काठी तोही पाहुणाच. पुण्याच्या माणसाला मेळघाटात रानपिंगळा शोधायला लावल्यासारखं आहे ते. सापडेलही एखादे वेळी.

ड्यून लार्कचंच घे. तुझ्या यादीत पहिला आहे, आणि बरोबरच आहे, कारण हा चंडोल नामिबियाबाहेर कुठेच नाही. वॉल्विस बेजवळच्या रूइबँकला मी पहिल्यांदा गेलो तेव्हा कागदावर जागा लिहून घेतली होती. आठला पोहोचलो, अकरापर्यंत वाळूच्या टेकड्या चढलो-उतरलो, बुटांत वाळू भरली आणि पक्षी नाही तो नाहीच. चार वर्षांनी त्याच जागी कुइसेबकाठचा टोपनार जमातीचा एक माणूस सोबत घेतला. नारा नावाची काटेरी, बिनपानांची कलिंगडाच्या कुळातली वेल तिथे वाळूच्या उंचवट्यांवर पसरते. तिची फळं गोळा करण्यात या लोकांच्या पिढ्या गेल्या. हा पठ्ठ्या वर बघतच नव्हता. मान खाली घालून चालत होता. एका ठिकाणी वाकून त्याने मला वाळू दाखवली. एक ओळ बारीक टाचणीने टोचत नेल्यासारखी, ती टॉकटॉकी भुंगेऱ्याची. दुसरी तीन बोटं पुढे, एक मागे, गवताच्या एका झुबक्याकडून दुसऱ्याकडे सरळ धावत गेलेली. 'ही आजची,' तो म्हणाला, 'कालची असती तर वाऱ्याने कडा मोडल्या असत्या.' त्या ओळीमागोमाग आम्ही गेलो. पाचव्या झुबक्याच्या सावलीत वाळूच्याच रंगाचा चंडोल उभा. घड्याळात पावणेसात. नऊनंतर तो सावलीला बसतो आणि गप्प पक्ष्याला तुझं ते मर्लिन आवाजावरून ओळखू शकत नाही.

एरोंगोच्या डोंगरातला हार्टलॉब्ज तित्तर तर याहून वाईट. उजाडताना दगडांच्या राशीवर नर-मादी मिळून ओरडतात, ऊन पडलं की संपलं. त्या गोल शिळांमध्ये आवाज असा घुमतो की तो समोरून येतोय की मागून, ते कळत नाही. त्यांचा आवाज वाजवायला मी खिशातून स्पीकर काढला. शेजारच्या माणसाने काही न बोलता त्यावर पंजा ठेवला. नंतर म्हणाला, रोज कुणीतरी वाजवतं, जोडी या दगडावरून गेली तर मी उद्या काय दाखवू? मला राग आला होता, खोटं कशाला बोलू. मग त्याने बोट केलं त्या दगडावर दहा मिनिटांनी दोन डोकी वर आली.

आता जे सांगायचं टाळत होतो ते. २००८ चा नोव्हेंबर, माझा पहिला ग्रुप, सहा जण. पैसे वाचवायचे म्हणून किनाऱ्यावर गाइड घेतला नाही. स्वाकोपमुंड आणि वॉल्विस बेच्या मधल्या खडीच्या माळावर दमारा टर्न दिसला. आपल्या नदी सुरयच्या कुळातला, पण मुठीएवढा. जगातले बहुतेक दमारा टर्न नामिबियाच्याच किनाऱ्यावर घरटी करतात. एक सुरय आमच्या डोक्यावर येऊन चिरकत सूर मारायला लागला. आम्ही खूश! एवढ्या जवळून कोण बघतं! सहाही जण माळावर उतरले, पंचवीस मिनिटं फोटो काढले. परत येताना ग्रुपमधल्या एका बाईंचा पाय हवेतच थांबला. बुटापासून वीतभर अंतरावर अंडं. घरटं असं नाहीच, खडीत जरासा खळगा आणि खडीच्याच रंगाचं, ठिपक्याठिपक्यांचं एकुलतं एक अंडं, भर उन्हात. तो पक्षी पोज देत नव्हता. आम्ही हटावं म्हणून ओरडत होता, आणि आम्ही त्याचे फोटो काढत होतो. अंड्याचं पुढे काय झालं, मला माहीत नाही. तो फोटो माझ्या बैठकीत सात वर्षं टांगलेला होता. लोक वाहवा करायचे. मग मी तो उतरवला.

आम्ही उतरलो तिथे फलक नव्हता, कुंपण नव्हतं. २०१० च्या डिसेंबरात तो किनारा दोरोब राष्ट्रीय उद्यान झाला, नियम आले. २००८ मध्ये मला कोण अडवणार होतं? हे मी स्वतःला पुष्कळदा ऐकवलंय. उत्तर सोपं आहे: जागेवरचा माणूस. पहिल्या चिरकण्यालाच त्याने आम्हाला गाडीत बसवलं असतं. म्हणून तू ती ओळ खोडलेली पाहिली आणि मला झोप लागली नाही. तुम्ही जाताय तो टर्नचा विणीचाच हंगाम.

पैशांचंही सांगतो. पुढच्या एका दौऱ्यात श्पित्सकॉपेच्या डोंगरापाशी हेरेरो चॅट हा पक्षी दाखवणाऱ्या माणसाशी मी घासाघीस केली. दोनशे नामिबियन डॉलर कमी केले, म्हणजे आपले हजारेक रुपये. तो पहाटे पाचपासून फाटकाशी उभा होता, नाही म्हणण्याची त्याची ऐपत नव्हती आणि हे मला दिसत होतं. ग्रुपचे पैसे माझ्या खिशात होते, प्रत्येक पैचा हिशेब द्यायचा होता, ते खरं. पण विमानाच्या तिकिटापुढे मी हूं की चूं केलं नव्हतं आणि लॉजचं बिल मान खाली घालून भरलं होतं. समोर येऊन उभा राहिला तो एकटाच माणूस, म्हणून जोर त्याच्यावर. गंमत बघ, त्याच श्पित्सकॉपेच्या खडकांवरची जुनी चित्रं बघायला गाइडशिवाय सोडत नाहीत. ब्रँडबर्गच्या 'व्हाइट लेडी' या खडकचित्राकडे जायचं तरी गाइड घ्यावाच लागतो. तिथे कुणी कुरकुरत नाही. पक्ष्यांसाठी सक्ती नाही, म्हणून ती ओळ लाल होते.

पण हे उपकार म्हणून करणार असशील तर मुळीच करू नकोस. 'स्थानिकांना रोजगार' वगैरे तुझ्या माहितीपत्रकात छापू नकोस, मला ते वाचवत नाही. तिथल्या लोकांनी आपलं काम केलेलं आहे. गावकऱ्यांना वन्यजीवांवर हक्क देणारा १९९६ चा कायदा झाला, १९९८ मध्ये गावकऱ्यांनी स्वतः चालवलेल्या पहिल्या चार कॉन्झर्व्हन्सी, म्हणजे वन्यजीव राखायची सामूहिक क्षेत्रं, नोंदल्या गेल्या, आज त्या ऐंशीच्या वर आहेत. श्पित्सकॉपेही तशाच एका कॉन्झर्व्हन्सीत येतं. त्यांना तुझी दया नको आहे. तुला पक्षी हवा आहे आणि तो कुठे आहे हे त्यांना ठाऊक आहे, एवढाच हा व्यवहार.

आणि जागेवरचा माणूस म्हणजे अनवाणी, सुरकुतलेला, गूढ बोलणारा कुणी म्हातारा, असलं चित्रही पुसून टाक. वॉल्विस बेच्या खाडीवर मला भेटलेली बाई जर्मन बोलणारी होती, हातात थर्मास, पायात गमबूट. वर्षातून दोनदा तिथे पाणपक्ष्यांची गणती होते, ती कित्येक वर्षं त्यात मोजायला उभी राहिलेली. भरती कधी, धुकं किती वाजता उठणार, कुठल्या चिखलावर छोटे रोहित आणि कुठल्यावर मोठे, हे तिला तोंडपाठ. तीही जागेवरचीच. उलट एकदा शेवटच्या रात्री कॅम्पवर 'कुणीतरी द्या' म्हणून मागितला, तर जो आला तो दिवसभर फोनवर. ती चूक माझी. तीन-चार महिने आधी बोलायला हवं होतं.

बोलताना 'किती जाती दाखवाल?' हे विचारू नकोस. शेवटचा कधी दिसला, राहता कुठे, निघायचं किती वाजता, एवढंच विचार. 'वारा बघून सांगतो' म्हणेल तो घे. 'हमखास' म्हणेल त्याला लांबूनच नमस्कार. पैसे दिवसाचे ठरव, पक्ष्याचे नाही. पक्षी पहिल्या अर्ध्या तासात दिसला तरी दिवस त्याचाच. आणि पक्ष्यामागे बक्षीस लावलंस की तोच माणूस दगड मारून पक्षी उठवायला लागेल आणि त्याला तूच शिकवलेलं असेल. कॉन्झर्व्हन्सीचं शुल्क वेगळं, त्याचे पैसे वेगळे, ते त्याच्याच हातात. नामिबिया टुरिझम बोर्डाकडे नोंदणी आहे का, तेही विचार. असलेला माणूस रागावत नाही. संध्याकाळी तुमचा मुक्काम त्याच्या घरापासून ऐंशी किलोमीटरवर असेल तर त्याला कोण सोडणार, हे शीटमध्ये लिही. हे कुणी लिहीत नाही. मीही लिहीत नसे, आणि एकदा एक माणूस अंधारात हमरस्त्यावर लिफ्टची वाट बघत उभा राहिलेला मला आरशात दिसला.

आता तुझ्या दोन गाड्या. पाच आणि पाच, दहा सीट. आठ तुम्ही, नववा ड्रायव्हर. दहाव्या सीटपुढे तू लिहिलं आहेस, 'कॅमेऱ्याच्या बॅगा आणि ट्रायपॉड'. पुढच्या गाडीत, पुढची, डावीकडची सीट. तिथेही गाड्या आपल्यासारख्याच डाव्या बाजूने चालतात, म्हणजे ड्रायव्हर उजवीकडे आणि त्याच्या शेजारी जागेवरचा माणूस. मागच्या सीटवर कोंबलास तर त्याला काही दिसणार नाही आणि मग तू म्हणशील, काका, काही उपयोग झाला नाही.

बॅगा छतावर बांध, नाहीतर मांडीवर घ्या. रविवारपर्यंत सुधारलेली शीट पाठव. पैसे कमी पडत असतील तर एतोशा राष्ट्रीय उद्यानातला एक मुक्काम कमी कर, त्यावर भांडायला मी तयार आहे. दहाव्या सीटवर नाही.

तुझा काका