गंगेच्या करारापूर्वी बाभळी वाच

चि. मुला,
अनेक आशीर्वाद.

देशादेशांतल्या नदीकरारांवर काम करायचं म्हणतोस, तर सुरुवात आपल्या बाभळीपासून कर. धर्माबादजवळ गोदावरीवरचा महाराष्ट्राचा हा बंधारा २.७४ टीएमसीचा (टीएमसी म्हणजे अब्ज घनफूट पाणी). त्याला खालच्या आंध्र प्रदेशानं न्यायालयात हरकत घेतली. सर्वोच्च न्यायालयाच्या २८ फेब्रुवारी २०१३ च्या निकालानुसार दरवाजे १ जुलै ते २८ ऑक्टोबर उघडे ठेवायचे आणि १ मार्चला ०.६ टीएमसी खाली सोडायचं. पाऊस सप्टेंबरातच उघडला, तर दरवाजे बंद होईपर्यंत पूर वाहून गेलेला असतो. महाराष्ट्रानं खटला जिंकूनही बंधारा भरत नाही तो असा.

तारखांवर हीच नजर ठेवून १२ डिसेंबर १९९६ चा भारत-बांगलादेश गंगा करार वाच. मोजणी पश्चिम बंगालमधल्या फरक्का बंधाऱ्याला, काळ १ जानेवारी ते ३१ मे, हिशेब दहा-दहा दिवसांचा. आवक ७० हजार क्युसेकपर्यंत (क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट) असेल तर निम्मं-निम्मं. ७० ते ७५ हजारांत बांगलादेशला ३५ हजार, उरलेलं भारताला. त्यापुढे भारताला ४० हजार, बाकी बांगलादेशला. बहुतेक जण इथंच पुस्तक मिटतात. पुढची अट अशी, की १ मार्च ते १० मे या काळात दोघांनाही आलटून-पालटून दहा दिवसांच्या तीन-तीन टप्प्यांत ३५ हजारांची हमी आहे. परिशिष्टात २१ ते ३० एप्रिलची सरासरी आवक ६०,९९२ क्युसेक आहे. निम्म्यानं साडेतीस हजार आले असते. पण पाळी बांगलादेशची, म्हणून त्याला ३५,००० आणि भारताला २५,९९२.

खरी गोम या सरासरीत आहे. ती १९४९ ते १९८८ ची. फरक्क्याच्या वर उपसा वाढला, की नदी त्या आकड्यांना जुमानत नाही. आवक ५० हजारांखाली गेली तर दोन्ही सरकारांनी तातडीनं बोलावं, एवढंच करार म्हणतो. तूट कोणी किती सोसायची, यावर गप्प. बाभळीच्या भांडणात वर न्यायालय तरी होतं. इथं संयुक्त समिती, मग संयुक्त नदी आयोग, मग सरकारं.

अनेक देशांतून वाहणाऱ्या नद्यांबद्दलचा १९९७ चा संयुक्त राष्ट्रांचा जलप्रवाह करार जपून वापर. न्याय्य वापर कलम ५ मध्ये, शेजाऱ्याला मोठी इजा न करणं कलम ७ मध्ये. तो २०१४ मध्ये लागू झाला. पण मतदानात भारत तटस्थ होता आणि पुढेही सामील झाला नाही. म्हणून भारताला तो बांधील आहे असं लिहिलंस, तर समोरचा वकील पहिल्याच पानावर पकडेल.

गंगा कराराची ३० वर्षं डिसेंबर २०२६ ला भरतात. त्याआधी परिशिष्टातले पंधराही टप्पे स्वतः वहीत मांड, प्रत्येकात आवक दहा टक्क्यांनी कमी धर, आणि कोणाच्या वाट्याचं किती तुटतं ते मला कळव.