वेल्सच्या डोंगरांत आठवडाभराची सुट्टी कशी घालवावी?

आपण बर्मिंगहॅमहून गाडीने निघणार आहात, सोबत सत्तरीतले आई-वडील आणि दहा वर्षांची मुलगी आहे, आणि शिखरे चढण्याखेरीज तिथे काय करता येईल, असे आपण विचारले आहे. मीही बर्मिंगहॅममध्येच राहतो आणि या भागात आमचे अनेकदा जाणे झाले आहे. पहिल्या खेपेस आम्ही उत्तरेच्या अर-विद्वा (इंग्रजीत स्नोडन) शिखरापासून दक्षिणेच्या पेन-अ-फानपर्यंत सगळे चार दिवसांत उरकायचे ठरवले आणि त्यातला बराचसा वेळ अरुंद, वळणावळणाच्या रस्त्यांवर गाडीतच गेला. म्हणून माझा आग्रह असा की मध्य वेल्समधील ऱ्हायाडर या छोट्या गावाजवळ एक घर भाड्याने घ्यावे आणि मुक्काम हलवू नये.

ऱ्हायाडर सुचवण्याचे मुख्य कारण म्हणजे त्याच्या शेजारचे एलान खोरे. आपल्या घरच्या नळाला येणारे पाणी तिथलेच आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बर्मिंगहॅम झपाट्याने वाढत होते आणि अस्वच्छ पाण्यामुळे रोगराई पसरत होती. तेव्हा भरपूर पाऊस, पाणी मुरू न देणारा खडक, धरण बांधायला सोयीच्या अरुंद दऱ्या आणि शहरापेक्षा अधिक उंची, असे सगळे एकत्र असलेले हे खोरे निवडण्यात आले. १८९३ मध्ये काम सुरू झाले आणि १९०४ मध्ये सातव्या एडवर्ड राजाच्या हस्ते योजनेचे उद्घाटन झाले. सुमारे ११८ किलोमीटरचे अंतर हे पाणी कोणत्याही पंपाशिवाय, केवळ उताराच्या बळावर कापते आणि त्याला दीड दिवस लागतो. मुलीला हे निघण्यापूर्वी सांगून ठेवा. मग ती धरणाच्या भिंतीशी उभी राहील तेव्हा तिला ते ठिकाण परके वाटणार नाही.

या धरणांच्या भिंती दगडी आहेत आणि जलाशय भरला की पाणी दरवाजांतून नव्हे, तर थेट भिंतीच्या माथ्यावरून पांढऱ्या पडद्यासारखे कोसळते. त्यामुळे सलग दोन दिवस पाऊस पडल्यावर घरात बसून न राहता रेनकोट घालून काबान कोख किंवा क्रेग गोख धरण पाहायला जावे. मला तरी वेल्समधला पाऊस तिथेच आवडू लागला. धरणांच्या बांधकामासाठी घातलेल्या रेल्वेच्या जागी आता ऱ्हायाडरपासून सुमारे १४ किलोमीटरची पायवाट आणि सायकलवाट आहे. ती मुख्यतः सौम्य चढाची असल्याने आई-वडिलांना झेपेल तेवढी चालून परतता येते. गारेग दू जलाशयाकाठी बर्मिंगहॅम नगरपालिकेने बांधून दिलेले एक छोटे चर्च आहे. मूळ चर्च, शाळा आणि घरे पाण्याखाली गेली आणि शंभरेक माणसांना उठावे लागले. आपल्याकडे मुळशी आणि कोयनेची आठवण असलेल्या माणसाने त्या चर्चपाशी थोडा वेळ थांबावे, असे मला मनापासून वाटते.

ऱ्हायाडरजवळच्या गिग्रिन फार्मवर तांबड्या घारींना रोज मांस घातले जाते, हिवाळ्यात दुपारी २ वाजता आणि उन्हाळी वेळ असताना ३ वाजता. एके काळी ब्रिटनमध्ये ही घार फक्त मध्य वेल्समध्ये, मोजक्या जोड्यांपुरती उरली होती. आज त्या शेतावर शेकडो घारी एकाच वेळी घिरट्या घालताना दिसतात. पाहण्यासाठी बंदिस्त मचाणे असल्यामुळे वृद्धांना बसून पाहता येते. रात्री आकाश निरभ्र असेल, तर पुन्हा एलान खोऱ्यात जावे. २०१५ पासून त्याला गडद आकाशाचे उद्यान (डार्क स्काय पार्क) म्हणून आंतरराष्ट्रीय मान्यता आहे आणि अमावस्येच्या आसपास आकाशगंगा नुसत्या डोळ्यांनी दिसते.

एक दिवस हे-ऑन-वाय या जुन्या पुस्तकांच्या गावासाठी ठेवा. शिखर चढायचेच असेल, तर ८८६ मीटर उंचीचे पेन-अ-फान मुलीसह करता येते. वाट मळलेली असली, तरी माथ्यावर धुके क्षणार्धात उतरते. उबदार कपडे आणि छापील नकाशा जवळ असलाच पाहिजे, कारण डोंगरांत मोबाईलला रेंज मिळेलच असे नाही. जुलैत जाणार असाल, तर बिल्थ वेल्सजवळचे रॉयल वेल्श शो हे चार दिवसांचे शेतकी प्रदर्शन चुकवू नका. या डोंगरांतले जगणे मेंढ्यांवर कसे उभे आहे, हे तिथे एका दिवसात समजते.

शेतांमधून जाणाऱ्या सार्वजनिक पायवाटांवरून कोणीही चालू शकतो, परंतु प्रत्येक फाटक जसे असेल तसेच ठेवावे; उघडे असेल तर उघडे राहू द्यावे आणि बंद असेल तर आपल्यामागे बंद करावे, कारण उघड्या फाटकातून मेंढ्या निघून गेल्या की त्या शेतकऱ्याचा सगळा दिवस वाया जातो. वसंतात कोकरे लहान असतात, तेव्हा त्यांच्या जवळ जाऊ नये.

खाण्याच्या बाबतीत, आई-वडील शाकाहारी असतील तर काउल हा प्रसिद्ध रस्सा बहुधा मेंढीच्या मांसाचा असतो, हे लक्षात ठेवा. तव्यावर भाजलेले, मनुका घातलेले वेल्श केक मात्र चहाबरोबर फार छान लागतात, आणि ते लोण्यात केले आहेत की चरबीत, हे विचारून घेता येते. रस्त्यावर वेल्श भाषेत मोठ्या अक्षरांत ‘आराव’ लिहिलेले दिसेल, त्याचा अर्थ ‘सावकाश’. आभार मानताना ‘दीओल्ख’ म्हणावे. ऱ्हायाडरमध्ये बहुतेक व्यवहार इंग्रजीतच चालतात, पण आमच्या मुलाने हा शब्द उच्चारला तेव्हा दुकानातल्या आजींनी तो त्याच्याकडून तीनदा नीट म्हणवून घेतला आणि मगच पिशवी हातात दिली.