क्लच सोडला की इंजिन बंद, चाकं जाम

प्रश्न: घाटावरून जुना ट्रॅक्टर विकत घेतला, राजापूरला घरी उतरवला तेव्हा ठीक चालला. दुसऱ्या दिवशी गिअर टाकताना कट्ट आवाज आला, आता दांडा सैल फिरतो पण गिअर निघत नाही, मागची चाकं जाम. क्लच दाबून इंजिन चालू होतं, सोडला की बंद. विकणारा म्हणतो दुसऱ्या ट्रॅक्टरने ओढा, सुटेल. ओढू का?

उत्तर: अजिबात नको, गिअरचे दात तुटले तर मग खर्चाला अंत नाही! क्लच दाबल्यावर इंजिन फिरतंय म्हणजे क्लच चिकटलेला नाही, ती एक चिंता गेली. आधी इंजिन बंद करा, पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी जांभ्याचे चिरे लावा, मागची दोन्ही चाकं उचलून खाली भक्कम ठोकळे द्या, नुसत्या जॅकवर भरवसा ठेवू नका. डिफरन्शियल (मागच्या दोन चाकांना वेगवेगळं फिरू देणारी यंत्रणा) आहे ना, तिचा लॉक सोडलेला असू दे, आता एक चाक हाताने फिरवा, दुसरं उलटं फिरलं तर ब्रेक आणि डिफरन्शियल मोकळे आहेत, भानगड गिअरबॉक्समध्येच. एकही हललं नाही तर आधी ब्रेकचे ड्रम बघा, खाऱ्या हवेत गंज लवकर धरतो.

मग दांड्याचं वरचं कव्हर काढा. बहुतेक दांडा फोर्कच्या (आतले गिअर सरकवणाऱ्या काट्याच्या) खाचेतून निसटून दोन गिअर एकदम लागलेत, झिजलेल्या जुन्या गाड्यांत हे होतंच. खाचा एका रेषेत येईपर्यंत फोर्क पहारीने हळूच सरकवा, हातोडा नको. आणि ऑइल बघाच, दुधासारखं पांढरं असेल तर पाणी शिरलंय, दांड्याचं रबर फाटलेलं असलं की आपल्या पावसात तिथूनच जातं. ऑइलमध्ये लोखंडाचे तुकडे सापडले तर मात्र मेकॅनिकला बोलवा, तिथे स्वतः हात घालू नका.