किडनी चांगली, मग बीपीची गोळी किडनीवरची कशाला?

ताई, वडिलांचं क्रिएटिनिन नॉर्मल, सोनोग्राफी स्वच्छ, तरी बीपी १६०/१००. डॉक्टरांनी टेल्मिसार्टन दिली आणि 'ही किडनीवर काम करते' ऐकून ते गोळी घ्यायलाच तयार नाहीत, असं तुम्ही लिहिलंय. फोंड्यात औषधांच्या काउंटरवर वीस वर्षं काढली, हा प्रश्न माझ्या ओळखीचा आहे.

क्रिएटिनिनवरून किडनी रक्त कसं गाळते तेवढं कळतं. पण किडनी दाबही मोजते. गाळणीत शिरणाऱ्या बारीक धमनीच्या भिंतीत काही पेशी असतात. दाब कमी वाटला की त्या रेनिन हे एन्झाइम सोडतात. १८९८ मध्ये स्वीडनमध्ये टीगरस्टेट आणि बर्गमन यांनी सशाच्या किडनीचा अर्क दुसऱ्या सशाला टोचला आणि त्याचा दाब चढला, तेव्हा हे प्रकरण कळलं. रेनिन स्वतः दाब वाढवत नाही. यकृतातून आलेल्या एका प्रथिनाचा ते तुकडा पाडतं, आणि एसीई नावाचं दुसरं एन्झाइम त्या तुकड्याचं अँजिओटेन्सिन-२ करतं. हे द्रव्य रक्तवाहिन्या आवळतं, वर किडनीला मीठ धरून ठेवायला लावतं.

आणि किडनीच्या नसांचा यात काय संबंध? आपल्याकडे रक्ताची ती नस आणि संदेशाचीही नस, म्हणून घोळ होतो. इथे मज्जातंतू. ते किडनीच्या धमनीला बिलगून जातात. मेंदूकडून सतत 'रेनिन सोड, मीठ धर' असा निरोप येत राहिला, तर धडधाकट किडनीसुद्धा दाब चढवते. वडील जोरात घोरत असतील, झोपेत श्वास अडकत असेल, तर डॉक्टरांना जरूर सांगा. त्यानेही हे तंतू चेकाळतात.

टेल्मिसार्टन अँजिओटेन्सिन-२ ला त्याच्या जागी बसू देत नाही. एनालाप्रिल, रामिप्रिल एसीईलाच अडवतात, पण त्यांनी काहींना कोरडा खोकला लागतो. एक गिऱ्हाईक दोन महिने माझ्याकडून खोकल्याच्या बाटल्या नेत होतं. गोळी कुठली घेता, हे विचारायचं मलाच सुचलं नाही.

किडनीचे हे तंतू जाळण्याच्या उपचाराचंही तुम्ही विचारलंय. मांडीतल्या धमनीतून कॅथेटर, म्हणजे बारीक नळी, नेऊन तो करतात. २०१४ मध्ये तंतू न जाळता केलेल्या खोट्या उपचाराशी तुलना केली तेव्हा फरक दिसला नाही. पुढे उपकरणं सुधारली आणि २०२३ मध्ये अमेरिकेत मंजुरी मिळाली. दाब उतरतो तो बेताचाच, गोळ्या बहुधा चालूच राहतात. तीन-तीन गोळ्यांनीही ज्यांचं बीपी ऐकत नाही, त्यांच्यासाठी तो आहे. वडिलांची तर पहिलीच गोळी!

पुरुमेंताचा, म्हणजे पावसाळ्यासाठी साठवलेला, खारट सुका बांगडा मात्र आता कधीमधीच. नेहमीच्या मिठाऐवजी 'लो सोडियम' मीठही आणू नका, त्यात पोटॅशियम असतं आणि या गोळीबरोबर ते रक्तात वाढू शकतं. गोळी सुरू केल्यावर दोनेक आठवड्यांनी पोटॅशियम आणि क्रिएटिनिन तपासून घ्या.

वडील गुडघ्यांसाठी डायक्लोफेनॅकसारखं काही घेतात का? त्याने बीपी चढतं, आणि या गोळीबरोबर किडनीलाही त्रास होतो. घेत असतील तर डॉक्टरांच्या कानावर घाला.