आंब्याच्या पेटीत पावडरची पुडी निघाली, आता आंबे खायचे की टाकायचे?

मार्केट यार्डातून आणलेल्या हापूसच्या पेटीत पांढऱ्या पावडरची पुडी निघाली, हे कार्बाइडच का, असं तुम्ही विचारलंय. मी शेतीच्या औषधांच्या प्रयोगशाळेत काम केलं आहे, त्यामुळे फळं पिकवायला वापरतात ती कार्बाइड आणि इथेफॉन ही दोन्ही रसायनं जवळून पाहिली आहेत. आधी पुडी नीट बघा.

चारही बाजूंनी चिकटवलेली, कारखान्यातून आलेली छोटी छापील पुडी असेल तर आत बहुधा इथेफॉन आहे. वर्तमानपत्राच्या तुकड्यात बांधलेले राखाडी खडे असतील, किंवा त्यांचा भुगा होऊन लसणासारखा वास येत असेल, तर ते कार्बाइड.

इथेफॉन म्हणजे 2-क्लोरोइथिल फॉस्फॉनिक आम्ल. निसर्गात ते मिळत नाही, कारखान्यातच तयार होतं. आम्लधर्मी द्रावणात ते टिकून राहतं. पीएच (आम्लता दाखवणारा आकडा, आम्लता कमी झाली की तो वाढतो) साधारण 5 च्या वर गेला की मात्र त्याचं विघटन होऊन इथिलीन वायू सुटतो आणि मागे फॉस्फेट व क्लोराइड उरतं. हा इथिलीन आंबा पिकताना स्वतःही तयार करतो. कोकणात भाताच्या पेंढ्यात आढी घालतात तेव्हा फळांचा हाच वायू आत कोंडून राहतो, म्हणून आढीतले आंबे लवकर पिकतात. आपल्याकडे डाळिंबाचा बहार धरताना पानगळीसाठीही इथेफॉनच फवारतात. इंदापूरकडच्या बागाईतदाराला नुसतं ‘इथ्रेल’ हे त्याचं बाजारातलं नाव म्हटलं तरी कळतं.

भारतात फळं पिकवायला इथिलीन वायू 100 पीपीएमपर्यंत (हवेच्या दहा लाख भागांत 100 भाग) चालतो. अन्नसुरक्षा प्राधिकरणाने 2016 मध्ये तशी परवानगी दिली. हा वायू मिळवण्यापुरतं इथेफॉन वापरता येतं, पण पुडी फळाला टेकता कामा नये आणि फळं त्याच्या द्रावणात बुडवायची नाहीत. माझ्या मते खरा प्रश्न इथेच आहे. वायू उडून जातो, सालीवर सुकलेलं द्रावण उडून जात नाही. तुमची पुडी फाटलेली नसेल आणि पावडर सांडलेली नसेल, तर आंबे वाहत्या पाण्याखाली चोळून धुवा, साल काढा आणि निर्धास्त खा. सालीसकट चोखून मात्र खाऊ नका.

कार्बाइडचं तसं नाही. त्याला ओल लागली की अ‍ॅसिटिलीन सुटतो, म्हणजे वेल्डिंगवाले वापरतात तो वायू. त्यानेही साल पिवळी होते. पण बाजारातल्या कार्बाइडमध्ये आर्सेनिक आणि फॉस्फरसचे अंश असतात, त्यातून विषारी वायू निघतात. फळं पिकवायला त्यावर कायद्याने बंदी आहे. खडे निघाले तर ते आंबे मी घरात कोणालाही खाऊ देणार नाही. पेटीचा फोटो काढा, पावती जपून ठेवा आणि अन्न व औषध प्रशासनाकडे तक्रार करा. खड्यांवर पाणी टाकून बघायचा मोह मात्र टाळा, अ‍ॅसिटिलीन ठिणगीने पेट घेतो.

इथेफॉनची पुडीही फोडू नका, मुलांच्या हाती लागू देऊ नका. ते दाहक आम्ल आहे, डोळ्याला मोठी इजा करू शकतं. डोळ्यात गेलंच तर पंधरा मिनिटं सतत पाण्याने धुवा आणि लगेच डॉक्टरकडे जा.

आणि हो, रसायन कुठलंही असो, कोवळ्या आंब्यात ते गोडी भरू शकत नाही. कोकणातले बागवाले चौदा आणे (म्हणजे जवळजवळ पूर्ण) तयार झालेलं फळ उतरवतात, ते पेंढ्यातही छान पिकतं. मोसमाच्या सुरुवातीला चढ्या भावाच्या आशेने कोवळाच माल उतरवला जातो आणि मग असल्या पुड्यांचा आधार घेतला जातो. बाहेरून एकसारखा पिवळाधमक, आत पांढरट आणि देठाशी वास नाही, असा आंबा दिसला तर घेऊ नका. अक्षय्य तृतीयेनंतर माल वाढतो आणि भाव उतरतो, तेव्हा घेतलेली पेटी बहुतेक वेळा चांगली निघते. शक्य असेल तर कच्ची पेटीच घ्या आणि घरी पेंढ्यात पिकवा.