शेजारी देशांत साथ पसरत असेल, तर सीमा बंद करणे हाच पहिला उपाय नव्हे का?

नाही. २०१४ च्या इबोला साथीत सिएरा लिओनच्या कैलाहुन जिल्ह्यात संपर्कितांच्या, म्हणजे रुग्णाच्या वा मृताच्या निकट आलेल्यांच्या, पाठपुराव्याच्या नोंदी माझ्याकडे असल्यामुळे हे इतक्या ठामपणे लिहीत आहे.

कैलाहुन जिल्हा गिनी आणि लायबेरिया या दोन्ही देशांना लागून आहे. मकोना नदीच्या दोन्ही तीरांवर किसी जमातीच्या लोकांची गावे आहेत. शेत एका तीरावर, तर सासर दुसऱ्या. जूनमध्ये सिएरा लिओनने आणि जुलैच्या अखेरीस लायबेरियाने सीमा बंद केल्या, म्हणजे रस्त्यांवरचे नाके बंद केले. होडकी चालूच राहिली. पूर्वी उजेडी नाव सांगून जाणारी माणसे आता अंधारात, कोणालाही न सांगता जाऊ लागली.

आमच्या तक्त्यात प्रत्येक संपर्कितापुढे २१ रकाने असत, कारण लक्षणे दिसायला जास्तीत जास्त तेवढे दिवस लागतात. प्रेताला स्नान घालणाऱ्या एका बाईची ओळ नवव्या रकान्यापर्यंत भरलेली होती आणि पुढे ‘माहेरी गेली’ एवढाच शेरा होता. माहेर नदीपलीकडे, गिनीत. पलीकडच्या पथकाला कळवू द्या, अशी विनंती मी केली, तेव्हा आमच्या वरिष्ठांनी “सीमा बंद असताना ती गेलीच कशी?” असे मलाच विचारले आणि कागद राजधानीमार्गे पाठवण्याचा आग्रह धरला. कागद आमची राजधानी फ्रीटाउन, तेथून गिनीची राजधानी कोनाक्री आणि तेथून नदीपलीकडचे गेकेडू असा फिरत पोहोचला, तोवर तिची मुदत उलटून गेली होती. ती आजारी पडली नाही, परंतु ते सीमाबंदीचे यश मानायला मी तयार नाही.

सीमा मार्चमध्येच बंद करायला हव्या होत्या, असे ते वरिष्ठ आजही म्हणतात. पण साथ सुरू झाली ती डिसेंबर २०१३ मध्ये, गेकेडूजवळच्या मेलिआंदू गावात. मार्चच्या उत्तरार्धात गिनीने इबोला जाहीर केला आणि महिना संपण्याआधीच लायबेरियाच्या लोफा भागात रुग्ण निश्चित झाले. मग बंद करायचे ते नेमके कोणत्या तारखेला? जागतिक आरोग्य संघटनेनेही ८ ऑगस्टला आणीबाणी जाहीर करताना प्रवास व व्यापारावर सरसकट बंदी नको, असेच सांगितले होते. नायजेरियात जुलैमध्ये लायबेरियाहून विमानाने एक रुग्ण आला; तेथील साथ २० रुग्णांवर थांबली, ती पोलिओ मोहिमेतील अनुभवी माणसांनी शेकडो संपर्कित शोधून काढले म्हणून.

तेव्हा लगतच्या जिल्ह्यांना एकमेकांशी थेट बोलण्याचा अधिकार आणि संपर्कितांची सामाईक यादी, एवढे आधी करावे. सुरक्षित दफन आणि प्रयोगशाळा यांचे महत्त्व वेगळे सांगायला नको.

हे सारे इबोलाविषयी आहे. तो लक्षणे असलेल्या रुग्णाच्या किंवा मृताच्या शरीरद्रवांतून पसरतो. हवेतून पसरणाऱ्या रोगात एखाद्या बेटाला प्रवासबंदीने तयारीपुरता वेळ मिळू शकतो, हे मला मान्य आहे. मात्र मकोनाकाठचा विषय निघाला की बैठकांमध्ये मला दाखला दिला जातो तो बेटांचाच.