निळ्या टोपणाची ट्यूब आणि पोकळ्याची भाजी

प्रश्न: आईच्या हार्टचा वॉल्व्ह बदललाय, तेव्हापासनं रक्त पातळ व्हायची वॉरफेरिन गोळी चालू हाय. आयएनआरला, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो त्या टेस्टला, निळ्या टोपणाच्या ट्यूबमध्ये रक्त घेतात, ते गोठतच नाही, लाल टोपणाच्यातलं मात्र गोठतं. लॅबमधल्या ताई म्हणाल्या कॅल्शियमचा खेळ हाय. मग दूध बंद करायचं का? आणि डॉक्टर म्हणतात पालेभाजी रोज सारख्याच मापात खावा, तिला तर पोकळा दिसला की राहवत नाही.
- एक वाचक, कोल्हापूर

उत्तर: पहिलं म्हणजे या गोळीनं रक्त पातळबितळ होत नाही हो, दुधात पाणी घातल्यासारखं तर अजिबात नाही, गोठायला वेळ लागतो एवढंच.

गोठवणारी प्रोटीन्स, म्हणजे फॅक्टर २, ७, ९ आणि १०, रक्तात नुसती हिंडत असतात, त्यांना कामाला बसायला जागा लागते. ती जागा म्हणजे प्लेटलेटच्या आवरणातलं फॉस्फॅटिडिलसेरीन नावाचं लिपिड, म्हणजे तेलकट पदार्थ. एरवी पेशी ते आतल्या बाजूला दडवून ठेवते, जखम झाली, प्लेटलेट खवळली की मग ते बाहेरच्या अंगाला येतं. पण गंमत अशी की या लिपिडवर निगेटिव्ह चार्ज आणि प्रोटीनच्या चिकटणाऱ्या टोकावरही निगेटिव्हच, मग जमणार कसं? तिथं कॅल्शियम मध्ये पडतं, दोघांनाही धरतं, शिवाय ते बसलं की प्रोटीनच्या टोकाची घडी बदलते आणि त्यातला पाण्याशी न जमणारा भाग बाहेर येऊन आवरणाच्या तेलकट थरात रुततो.

निळ्या ट्यूबमध्ये सायट्रेट असतं, ९ भाग रक्ताला १ भाग, ते कॅल्शियम धरून ठेवतं (म्हणून तर ताई ट्यूब बरोब्बर रेघेपर्यंत भरतात). टेस्ट करताना कॅल्शियम परत घालतात आणि किती सेकंदात गोठतंय ते बघतात.

आता पोकळा. कॅल्शियम धरायला प्रोटीनच्या टोकाला चिमटे लागतात, फॅक्टर २ वर असे १० असतात, ते लिव्हरमध्ये बसतात आणि त्यासाठी व्हिटॅमिन के लागतं. वॉरफेरिन काय करतं, तर एकदा वापरलेलं व्हिटॅमिन के परत कामाला येऊ देत नाही, त्यामुळं प्रोटीन तयार होतं पण चिमटे अर्धवट. पोकळा, पालक, मेथीत हे व्हिटॅमिन भरपूर, एका आठवड्यात जुड्याच्या जुड्या संपवल्या तर आयएनआर खाली, म्हणजे रक्त लवकर गोठतं, पुढच्या आठवड्यात पानालाही शिवलं नाही तर वर, म्हणजे उशिरा, मग डॉक्टरांनी डोस ठरवायचा कसा? म्हणून खाऊ द्यात, पण मापात, आणि गोळी आपल्या मनानं कमीजास्त करू नका.

दूध बंद करायची गरज नाही, रक्तातलं कॅल्शियम शरीर आपलं आपण मापात ठेवतं. फक्त आपल्या गंगावेशीत उभं राहून नुकतंच काढलेलं धारोष्ण नको, वॉल्व्ह बसवलेल्या माणसाला कच्च्या दुधातल्या जंतूंचा धोका असतो, घरी आणून चांगलं उकळून द्या.